सव्वाआठनंतरची 80 वर्षं: अण्वस्त्रांचा अभ्यासक्रम कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यापीठाच्या शांतता-अध्ययन विभागाने अण्वस्त्रांवर एका सत्राचा ऐच्छिक अभ्यासक्रम मंजूर केला आहे. तो शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी आराखडाही केला आहे. पहिले दहा आठवडे बॉम्बचं विज्ञान, शीतयुद्ध, धाकाचं राजकारण (म्हणजे समोरच्याने हल्ला करू नये म्हणून अण्वस्त्रांची भीती दाखवणं) आणि करार. शेवटचे दोन आठवडे हिबाकुशांच्या, म्हणजे हिरोशिमा-नागासाकीच्या अणुहल्ल्यांतून वाचलेल्या माणसांच्या साक्षी. त्यांना भीती वाटते की मुलं शेवटच्या तासाला हेलावतील आणि परीक्षा झाली की विसरतील. ‘बॉम्बमुळेच युद्ध थांबलं’ असं वर्गात कुणी म्हटलं तर काय करायचं, साक्षीदारच उरले नाहीत तर काय करायचं, आणि अशा विषयात गुण कशाचे द्यायचे, हेही त्यांनी विचारलं आहे.

तुमची भीती रास्त आहे, आणि ती आराखड्यातूनच आली आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे आणि ही रचना अनेक ठिकाणी पाहिली आहे. दहा आठवडे शास्त्रज्ञ, सेनानी आणि मुत्सद्दी बोलतात. मग शेवटी वाचलेली माणसं येऊन काळजाला हात घालतात. यातून विद्यार्थी न सांगता एक गोष्ट शिकतात, की ज्ञान पहिल्या मंडळींकडे आहे आणि दुसऱ्यांकडे फक्त दुःख आहे. हे खरं नाही. हे शस्त्र माणसाच्या शरीराचं, घराचं, नात्यांचं आणि हक्कांचं काय करतं हे जगाला कळलं ते बव्हंशी याच माणसांमुळे. त्यांनी ते न्यायालयांत, रुग्णालयांत, संसदेत आणि संयुक्त राष्ट्रांत मांडणं कधी थांबवलं नाही. म्हणून माझा आग्रह असा की त्यांना साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून शिक्षकाच्या जागी बसवा, आणि 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी सव्वाआठला जे झालं त्याला जेवढा वेळ द्याल त्याच्या कितीतरी पट वेळ पुढच्या 80 वर्षांना द्या.

पहिल्या तासाला मी स्फोटाचं वर्णन ऐकवत नाही. 10 डिसेंबर 2024 ला ऑस्लोत झालेलं तेरुमी तानाका यांचं भाषण लावते. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल निहोन हिदान्क्यो या हिबाकुशांच्या देशव्यापी संघटनेला मिळालं आणि 92 वर्षांचे तानाका तिच्या वतीने बोलले. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते 13 वर्षांचे होते. जवळची पाच नातेवाईक माणसं त्यांनी गमावली. भाषणात हे सगळं येतंच. पण मुलांचं लक्ष मी दुसरीकडे वेधते. बॉम्बने मारल्या गेलेल्यांसाठी जपान सरकारने आजवर कसलीही भरपाई दिलेली नाही, हे सांगून झाल्यावर त्यांनी लिखित मजकूर सोडला आणि तेच पुन्हा एकदा सांगितलं. सगळं जग ऐकत असताना या माणसाने आपल्याच देशाच्या कायद्यातली उणीव दोनदा का सांगितली? हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. त्याचं उत्तर द्यायला पूर्ण सत्र लागतं, आणि ते शोधता शोधता विज्ञान, इतिहास, कायदा, राजकारण सगळं शिकवून होतं.

सुरुवात इतिहासापासून करा. जपान अमेरिकेच्या ताब्यात गेल्यावर सप्टेंबर 1945 मध्ये वृत्तपत्रांसाठी नियमावली आली आणि बॉम्बच्या परिणामांबद्दल मोकळेपणाने छापणं थांबलं. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने अमेरिकेकडे नुकसानभरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. म्हणजे ज्याने बॉम्ब टाकला त्याच्याकडे मागायची सोय नाही आणि ज्या सरकारने युद्ध ओढवून घेतलं ते जबाबदारी मान्य करत नाही. व्रणांनी आखडलेले हात, कधीही न जाणारा थकवा, ‘हिरोशिमाची आहे’ एवढ्यावरून मोडणारं लग्न, हे सगळं ज्याचं त्याने सोसायचं. 1957 पर्यंत या लोकांसाठी वेगळा कायदाच नव्हता.

मग तो आला कसा? हा भाग घाईने उरकू नका, मुलांना इथेच खरं काही सापडतं. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी प्रवाळबेटावर ‘ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 15 मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या साधारण हजारपट. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर 23 जण होते. त्यांतले वायरलेस चालवणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. बाजारातल्या माशांबद्दल घबराट पसरली. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम हाती घेतली, आणि तिला देशभरातून मिळून 3 कोटींहून जास्त सह्या झाल्या. ऑगस्ट 1955 मध्ये हिरोशिमात अणु आणि हायड्रोजन बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. पुढच्या वर्षी, 10 ऑगस्ट 1956 ला, नागासाकीत निहोन हिदान्क्यो स्थापन झाली. त्यानंतर 1957 मध्ये हिबाकुशांच्या वैद्यकीय मदतीचा कायदा झाला. ही साखळी मुलांसमोर कडी-कडीने उलगडा. शहरं जळाली तेव्हा जे देशाला ऐकू आलं नाही ते मासे विषारी झाल्यावर ऐकू आलं. पीडा कितीही मोठी असली तरी तिच्यातून सहानुभूती आपोआप निघत नाही. त्यासाठी कुणीतरी दारोदार फिरावं लागतं, सभा घ्याव्या लागतात, पत्रकं काढावी लागतात.

कायद्याचा भाग मी शिमोदा खटल्यावरून शिकवते. पाच हिबाकुशांनी 1955 मध्ये स्वतःच्याच सरकारवर दावा लावला. टोकियो जिल्हा न्यायालयाने 7 डिसेंबर 1963 ला निकाल दिला: दोन्ही शहरांवरचा हल्ला त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होता, मात्र दावेदारांना भरपाई मागता येत नाही. दावा फेटाळताना न्यायालयाने राजकारणाच्या दारिद्र्याबद्दल खेद नोंदवला. अण्वस्त्राच्या प्रत्यक्ष वापरावर न्यायालयाने दिलेले निकाल जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत, त्यामुळे हा निवाडा कायद्याबाहेरच्या मुलांकडूनही वाचून घ्या. त्याच्याशेजारी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 8 जुलै 1996 चं सल्लामत ठेवा. अण्वस्त्रांचा वापर वा धमकी ही साधारणपणे मानवतावादी कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असं ते म्हणतं, पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल अशा परिस्थितीबद्दल निश्चित काही सांगता येत नाही असंही म्हणतं. त्या सुनावणीत 1995 मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीचे महापौर उभे राहून बोलले होते. दोन दस्तऐवज, मधली 33 वर्षं आणि त्या वर्षांत बदललेलं काय, न बदललेलं काय, यावर दोन तास सहज जातात.

पण माझ्या अभ्यासक्रमाचा कणा आहे हिबाकुशांचं आरोग्य-पुस्तक, म्हणजे वैद्यकीय मदतीचा हक्क देणारा सरकारी दाखला. जपानमध्ये हिबाकुशा कोण हे भावनेने ठरत नाही, हे पुस्तक कुणाला मिळतं यावर ठरतं. ढोबळमानाने चार गट आहेत: स्फोटाच्या वेळी शहरात किंवा ठरवून दिलेल्या परिसरात असलेले, दोन आठवड्यांच्या आत स्फोटकेंद्रापासून सुमारे 2 किलोमीटरच्या टापूत शिरलेले, जखमींची शुश्रूषा किंवा मृतांची विल्हेवाट लावताना किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेले, आणि त्या वेळी यांपैकी कुणाच्या पोटात असलेली मुलं. मुलांना या अटी द्या, काही काल्पनिक व्यक्तींची माहिती द्या आणि गटागटाने निर्णय घ्यायला सांगा. एक बाई सोळाव्या दिवशी भावाला शोधायला आत गेली. एक माणूस रेषेच्या पलीकडच्या डोंगरावर होता, पण त्याच्यावर काळा पाऊस, म्हणजे स्फोटानंतर पडलेला किरणोत्सारी काजळीचा पाऊस, पडला. एकाला तिथे होतो हे सिद्ध करायला साक्षीदारांचे दाखले हवेत, आणि त्याला ओळखणारी सगळी आळी जळून गेली आहे. पंधरा मिनिटांत वर्गात भांडणं लागतात, आणि ती लागायलाच हवीत.

त्यानंतर खरे खटले समोर ठेवा. हिरोशिमाच्या काळ्या पावसासाठी 1976 मध्ये सरकारने नकाशावर सुमारे 19 किलोमीटर लांब आणि 11 किलोमीटर रुंद असा लंबवर्तुळाकार भाग आखला; त्याबाहेर भिजलेल्यांना काही नाही. 14 जुलै 2021 ला हिरोशिमा उच्च न्यायालयाने 84 वादींना हिबाकुशा मानलं आणि सरकारने पुढे अपील केलं नाही. स्फोटानंतर 76 वर्षांनी! नागासाकीत तर मूळ हद्दच प्रशासकीय सीमांना धरून आखली गेली, त्यामुळे ती एका दिशेला लांब आणि दुसऱ्या दिशेला आखूड झाली. राख आणि पाऊस पालिकेच्या सीमा पाळत नाहीत, हे तिथले रेषेबाहेरचे लोक अजून न्यायालयात सांगत आहेत.

याच जागी कोरियन हिबाकुशांचा विषय काढा. वसाहतीच्या काळात हजारो कोरियन माणसं या दोन शहरांत आली होती, काही पोटासाठी, काही सक्तीने. वाचलेले बरेचजण कोरियाला परतले आणि कायद्याच्या कक्षेबाहेर पडले. सोन जिन-दू उपचारांसाठी चोरून जपानमध्ये आले, पकडले गेले, आणि त्यांनी पुस्तकासाठी दावा लावला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र 1974 च्या एका सरकारी परिपत्रकाने जपान सोडला की हिबाकुशांना मिळणारा भत्ता बंद अशी तरतूद करून ठेवली होती. ती 2003 पर्यंत टिकली. हिरोशिमातलं कोरियन बळींचं स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं तेव्हा ते शांतता उद्यानाच्या बाहेर होतं, आणि आत यायला 1999 उजाडावं लागलं. या सगळ्यातून मुलांना दिसतं की बळी असणं आणि बळी म्हणून मोजलं जाणं यांत किती अंतर आहे.

आता विज्ञान. ते अजिबात कमी करू नका, फक्त हिबाकुशांनी विचारलेल्या प्रश्नांमधून शिकवा. ‘मी तर स्फोटाच्या दिवशी शहरात नव्हतो, मग माझे केस का गळाले?’ या एका प्रश्नात मूळ किरणोत्सर्ग आणि मागे उरलेला किरणोत्सर्ग यांतला फरक आहे. ‘भाजलं नाही, एकही जखम नाही, तरी भाऊ तिसऱ्या आठवड्यात का गेला?’ यात अस्थिमज्जा आणि रक्तपेशींचं सगळं जीवशास्त्र आहे. हवेत फुटलेल्या अशा बॉम्बची साधारण निम्मी ऊर्जा दाबलहरीत, एक-तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सर्गात जाते, हे सांगा आणि मग हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे 600 मीटर उंचीवर का फोडला हे त्यांनाच शोधू द्या. 1945 अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार आणि नागासाकीत सुमारे 74 हजार माणसं मेली. हे अंदाजच का आहेत, नेमका आकडा का नाही, हेही विचारा. नोंदी जळाल्या, नोंदी ठेवणारे जळाले, आणि सैनिक, मजूर, कोरियन, बाहेरगावाहून आणलेली शाळकरी मुलं यांची गणती आधीच नीट नव्हती.

अमेरिकेने स्थापलेल्या अणुबॉम्ब हानी आयोगाचा इतिहास मी एक पूर्ण तास घेते. हा आयोग 1947 पासून हिबाकुशांना तपासत होता, उपचार मात्र करत नव्हता. आपल्याला उघडं करून पाहतात, मोजतात आणि परत पाठवतात, हा राग अनेकांनी आयुष्यभर बाळगला. 1975 मध्ये तो दोन्ही देशांच्या संयुक्त संस्थेत बदलला. आणि तरीही, किरणोत्सर्गाने कर्करोगाचा धोका किती वाढतो याबद्दल जगभरातल्या क्ष-किरण विभागांपासून अणुभट्ट्यांपर्यंत जी मर्यादा पाळली जाते, तिचा मोठा आधार याच आयोगाने सुरू केलेला सुमारे 1 लाख 20 हजार लोकांचा आयुष्यभर चाललेला अभ्यास आहे. ल्युकेमियाचं प्रमाण पहिल्या दशकातच वाढलं, बाकीचे कर्करोग नंतर दशकानुदशकं वाढत राहिले. ज्ञान खरं आहे आणि ते मिळवण्याची रीत माणसाला दुखावणारी होती. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवायला विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. वैद्यकीय आणि समाजशास्त्राच्या मुलांचे गट मिसळून बसवलेत तर या तासाला सगळ्यात चांगली चर्चा होते.

एका गोष्टीबद्दल मी फार कडक आहे. ‘हिरोशिमात अजून पिढ्यान् पिढ्या व्यंग असलेली मुलं जन्मतात’ हे वाक्य वर्गात, पोस्टरवर, घोषणेत कुठेही येऊ देऊ नका. गर्भात असताना, विशेषतः आठव्या ते पंधराव्या आठवड्यात, तीव्र किरणोत्सर्ग झालेल्या काही मुलांचं डोकं लहान राहिलं आणि बौद्धिक वाढ खुंटली, हे सिद्ध आहे. त्यांच्या कुटुंबांनी 1965 मध्ये ‘किनोको-काइ’ ही संघटना स्थापन केली. पण हल्ल्यानंतर ज्यांची गर्भधारणा झाली अशा सुमारे 77 हजार मुलांच्या अभ्यासात आनुवंशिक परिणाम आजवर आढळलेले नाहीत. अभ्यास चालू आहे. चांगल्या हेतूने केलेली अतिशयोक्ती दुसऱ्या पिढीच्या माणसांच्या लग्नाआड आली आहे, नोकरीआड आली आहे. शस्त्राला विरोध करायला जे सिद्ध आहे तेवढं पुरेसं आहे.

साक्षी या सगळ्याच्या मध्ये मध्ये पेरा. शेवटी गठ्ठ्याने नको. प्रत्येक साक्षीकडे मजकूर म्हणून बघायची सवय लावा. ती कधी दिली, कुणासमोर दिली, 1950 च्या दशकात तीच व्यक्ती काय सांगत होती आणि 1980 मध्ये काय, कुठली गोष्ट खूप उशिरा सांगितली? तपशील बदलले म्हणजे साक्ष खोटी, असा निष्कर्ष मुलं पटकन काढतात. पाणी मागणाऱ्या माणसाला न थांबता पुढे गेलो, हे सांगायला कुणाला 40 वर्षं लागतात. हा उशीर हीच माहिती आहे. चित्रंही वापरा. 1974 मध्ये एका वृद्ध हिबाकुशाने आपण काढलेलं चित्र एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रावर नेऊन दिलं, त्यावरून आवाहन झालं आणि दोन हजारांहून जास्त चित्रं जमली. बहुतेक काढणाऱ्यांनी शाळेनंतर कधी कुंचला धरलेला नव्हता. चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेल्या ओळी भाषांतर करून घ्या, कारण चित्रात जे काढता आलं नाही ते तिथे असतं.

छायाचित्रांबाबत मात्र हात आखडता ठेवा. सुमितेरू तानिगुची 16 वर्षांचे पोस्टमन होते. नागासाकीत स्फोटकेंद्रापासून 1.8 किलोमीटरवर सायकलवर असताना त्यांची पाठ जळाली आणि पुढे पावणेदोन वर्षं ते पालथे पडून होते. त्या पाठीचा रंगीत फोटो जगभर गेला. 2010 मध्ये न्यूयॉर्कला अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेत तोच फोटो हातात धरून ते म्हणाले, आपण प्रयोगाचा प्राणी नाही की प्रदर्शनातली वस्तू नाही, पण इथे बसलेल्यांनी नजर वळवू नये. फोटो दाखवायचा तर त्यांच्या या बोलण्यासह दाखवा. ज्याचं शरीर आहे त्याने ते कशासाठी दाखवलं हे कळल्याशिवाय ते पडद्यावर लावायचा अधिकार आपल्याला पोचत नाही, असं मला वाटतं.

याच कारणाने दोन लोकप्रिय उपक्रम मी टाळते. एक, ‘तुम्ही हिबाकुशा आहात असं समजून पत्र लिहा.’ त्यातून मुलांना आपण खूप काही अनुभवलं असं वाटतं आणि ऐकण्याची गरज संपते. दुसरा, संगणकावर आपल्याच शहराच्या नकाशावर बॉम्ब टाकून वर्तुळं बघणं. हे साधन वाईट नाही, अंतराचा अंदाज येतो. पण पहिल्या आठवड्यात दिलं की मुलं आणखी मोठा बॉम्ब टाकून बघू लागतात, आणि नकळत विमानातून खाली बघायची सवय लागते. द्यायचंच असेल तर शेवटी द्या, आणि त्या वर्तुळात दवाखाने किती, परिचारिका किती, पाण्याची टाकी कुठे हे भरायला सांगा. हिरोशिमातले सुमारे 90 टक्के डॉक्टर आणि परिचारिका मृत किंवा जखमी होते.

‘बॉम्बमुळे युद्ध थांबलं आणि लाखो जीव वाचले’ हे वर्गात येणारच. ते म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प करू नका, कारण तो एका मोठ्या लोकमान्य मताचा प्रतिनिधी आहे आणि बाकीच्यांनाही त्याचं उत्तर हवं आहे. मी तिथे तीन प्रश्न वेगळे करते: जपान शरण का गेलं, बॉम्ब टाकायचं का ठरलं, आणि ते कायद्याला धरून होतं का. पहिल्याचं उत्तर तिसऱ्याचं उत्तर होत नाही. मग कागद वाटते. सोव्हिएत संघाने 8 ऑगस्टला केलेली युद्धघोषणा. सम्राटाचं 15 ऑगस्टचं निवेदन, ज्यात नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या बॉम्बहल्ला सर्वेक्षणाचा 1946 चा अहवाल, जो म्हणतो की बॉम्बशिवाय आणि आक्रमणाशिवायही जपान 1945 संपण्याआधी शरण गेलं असतं. आणि अमेरिकेचे माजी युद्धमंत्री स्टिमसन यांचा 1947 चा लेख, ज्याने बॉम्बमुळे जीव वाचले ही बाजू रुजवली. इतिहासकारांत अजून मतभेद आहेत, आणि ते मतभेद कुठल्या कागदावरून आहेत हे कळणं पदवीच्या विद्यार्थ्याला आवश्यक आहे.

याहून अवघड प्रश्न आशियातल्या इतर देशांचा आहे. हिरोशिमा लष्करी शहर होतं. तिथून सैन्य चीनवर आणि आग्नेय आशियावर गेलं. चीन, कोरिया, फिलिपिन्समधल्या अनेकांच्या आठवणीत ऑगस्ट 1945 हा सुटकेचा महिना आहे. हा विषय शिक्षकाने स्वतःहून काढावा. निहोन हिदान्क्योची युक्तिवादाची रीत इथे उपयोगी पडते. 1984 मध्ये त्यांनी आपल्या दोन मूळ मागण्या लिहून ठेवल्या: अण्वस्त्रं नष्ट व्हावीत आणि जपान सरकारने भरपाई द्यावी. दुसरी मागणी युद्ध सुरू करणाऱ्या राज्यसत्तेला जबाबदार धरते. म्हणजे स्वतःच्या देशाचा दोष झाकून हिबाकुशांनी न्याय मागितलेला नाही. तानाका ऑस्लोत तेच दोनदा सांगत होते.

जपानपुरतं थांबू नका. 1945 पासून जगात दोन हजारांहून जास्त अणुचाचण्या झाल्या आणि प्रत्येक चाचणीच्या खाली-आजूबाजूला कुणी ना कुणी राहत होतं: कझाकस्तानात सेमीपलातिन्स्क, जिथे 1949 ते 1989 मध्ये 456 चाचण्या झाल्या, फ्रान्सच्या चाचण्यांची अल्जीरिया आणि पॉलिनेशिया, ब्रिटनच्या चाचण्यांची ऑस्ट्रेलियातली आदिवासी भूमी, आणि खुद्द न्यू मेक्सिको, जिथे 16 जुलै 1945 ला पहिला स्फोट झाला. सगळे प्रदेश एका सत्रात होणार नाहीत. मी मार्शल बेटं निवडते, कारण तिथे सगळे धागे एकत्र येतात. 1946 ते 1958 मध्ये तिथे 67 चाचण्या झाल्या. ब्राव्होची राख तिथल्या रोंगेलाप बेटावर पडली. लोकांना दोन दिवसांनी हलवलं, 1957 मध्ये परत आणलं, आणि 1985 मध्ये आपल्याच बेटावर राहणं धोक्याचं वाटून त्यांनी ते सोडलं. त्यांच्यासाठी नेमलेल्या दावा-न्यायाधिकरणाने 2 अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, पण मूळ निधी 15 कोटी डॉलरचाच होता. 2014 मध्ये या छोट्या देशाने नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे लावले. त्यांतले भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनविरुद्धचे तीनच पुढे गेले आणि 2016 मध्ये ‘वाद अस्तित्वात नाही’ या कारणावर संपले. अण्वस्त्रबंदी करार 2017 मध्ये 122 मतांनी मंजूर झाला आणि 22 जानेवारी 2021 पासून लागू आहे. त्याची सहावी आणि सातवी कलमं पीडितांना मदत आणि प्रदूषित भूमीची सफाई यांबद्दल आहेत. आरोग्य-पुस्तकाचा अभ्यास केलेली मुलं ती कलमं वाचतात तेव्हा त्यांना लगेच विचारायचं सुचतं, की पीडित कोण हे ठरवणार कोण?

साक्षीदार उरले नाहीत तर काय, हा प्रश्न हिरोशिमा-नागासाकीलाही पडलेला आहे आणि त्यांनी हात बांधून वाट पाहिलेली नाही. पुस्तकधारकांची संख्या 1981 च्या सुमारास 3 लाख 72 हजारांच्या आसपास होती. मार्च 2025 मध्ये ती 1 लाखाच्या खाली गेली आणि सरासरी वय 86 च्या पुढे आहे. हिरोशिमा शहराने 2012 पासून वारसा-कथक तयार करायला घेतले. हे लोक एकेका हिबाकुशासोबत दीर्घकाळ बसून त्यांचा अनुभव समजून घेतात आणि मग त्यांच्या वतीने सांगतात. तिथल्या मोतोमाची शाळेतली चित्रकलेची मुलं हिबाकुशांसोबत महिनोन् महिने बसून एकेक दृश्य रंगवतात. ‘आकाशाचा रंग असा नव्हता’ म्हणून पुन्हा पुन्हा पुसून काढतात. नागासाकी विद्यापीठाचं अण्वस्त्र-निर्मूलन संशोधन केंद्रही 2012 चंच. तिथले विद्यार्थी आंतरराष्ट्रीय परिषदांना जातात. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाने 1992 पासून स्वतःचं शांतता संग्रहालय चालवलं आहे, आणि वॉशिंग्टनच्या ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’ची मुलं 1995 पासून या विषयाचा अभ्यास करायला जपानला जात आली आहेत. तुमच्या वर्गातल्या मुलांनाही एकेका साक्षीची जबाबदारी द्या. ती नीट वाचायची, तिच्या आवृत्त्या ताडून पाहायच्या, ठिकाणं नकाशावर शोधायची, आणि सत्राच्या शेवटी दुसऱ्या वर्गाला सांगायची, आपण त्या व्यक्ती असल्याचा आव न आणता.

गुण भावनेला देऊ नका. ‘तुम्हाला काय वाटलं’ यावरचा निबंध मी लिहायला लावते, पण तपासत नाही; तपासला की मुलं अपेक्षित हळहळ लिहून देतात. गुण द्यायचे ते आरोग्य-पुस्तकाच्या प्रकरणांवरच्या निर्णयटिपणाला, दोन निवाड्यांच्या तुलनेला, साक्षीवरच्या भाष्याला आणि सहाव्या-सातव्या कलमांच्या अंमलबजावणीवरच्या प्रस्तावाला. धाकाच्या सिद्धान्ताची सर्वांत भक्कम मांडणीही एका टिपणात लिहून घ्या, विरोध करणाऱ्यांकडून तर नक्कीच. निःशस्त्रीकरण शिक्षणावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2002 च्या अहवालाचा भर काय विचार करावा यापेक्षा कसा विचार करावा हे शिकवण्यावर आहे, आणि विभागात कुणी ‘हा प्रचार आहे’ असं म्हणालं तर तो अहवाल हाताशी असू द्या. तुमचं स्वतःचं मत लपवू नका. माझं मत ही शस्त्रं नष्ट व्हायला हवीत असं आहे, ते मी पहिल्या दिवशी सांगते आणि त्याविरुद्ध लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देते. वर्गात युद्धातून किंवा हिंसेतून आलेली मुलंही असतात. कठीण तास आधी जाहीर करा आणि उठून जाण्याची मोकळीक ठेवा.

प्रत्यक्ष हिबाकुशांशी किंवा वारसा-कथकांशी दूरदृश्य तास घ्यायचा असेल तर तीन-चार महिने आधी विचारणा करा. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा त्यांच्यावर फार ताण असतो. तास सत्राच्या मध्यावर ठेवा, म्हणजे मुलांकडे विचारण्यासारखं काही असेल आणि ऐकलेल्याचा पुढे उपयोग करायला आठवडे शिल्लक असतील. दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो, म्हणून चाळीस मिनिटांच्या बोलण्याला दीड तास धरा. प्रश्न लेखी पाठवा आणि त्यांत त्या सकाळबद्दल एखादाच ठेवा. बाकीचे पुस्तक कधी काढलं, घरी कधी सांगितलं, संघटनेत कसे आलात, आता सरकारकडे काय मागणं आहे, असे असू द्या. ‘तुम्ही अमेरिकेला माफ केलं का?’ हा प्रश्न यादीतून काढून टाका. त्याचं उत्तर आपल्याला द्यायला ते बांधील नाहीत. ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करा. अर्जासोबत अभ्यासक्रमाची रूपरेषा जोडा, म्हणजे मुलं तोपर्यंत काय शिकली आहेत ते पाहून बोलणारी व्यक्ती काय सांगायचं ते स्वतः ठरवू शकेल.